दोनशे चौदा क्रमांकाचं उत्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विद्याशाखेचे अधिष्ठाता प्राध्यापक क्रुम हाजीएव महोदय. सोफियाहून सकाळच्या गाडीनं निघून, गाडी दोन तास रखडली तरी हसतमुखानं इथवर पोचलेले समाजशास्त्रज्ञ संघाचे सन्माननीय प्रतिनिधी. व्यासपीठावर अगदी कडेची खुर्ची हट्टानं मागून घेतलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, मुख्य सहायक श्रीमती वेलिका मिंचेवा. माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी. आणि शेजारच्या खोलीतल्या चीज भरलेल्या गरम बानित्साचा वास आल्यापासून माझं भाषण आखूड व्हावं अशी मनातल्या मनात प्रार्थना करणारे सर्व सुहृद हो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विभागप्रमुख म्हणून मी आजवर पाच निरोप समारंभांत बोललो, आणि पाचही वेळा एकच भाषण केलं, फक्त नाव बदलून. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आज ते भाषण मी घरीच विसरून आलो आहे. खरं सांगायचं तर विसरलो नाही, ठेवून आलो.

बाई या विभागात आल्या त्या चौऱ्याऐंशी साली, चोविसाव्या वर्षी. एक्केचाळीस वर्षांनी त्या निवृत्त होत आहेत, आणि निवृत्त होताना त्यांचं पद आहे मुख्य सहायक. म्हणजे शिडीच्या चार पायऱ्यांपैकी दुसरी. त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही नऊ जण आज प्राध्यापक आहोत. मीही नव्वद साली त्यांच्यापुढे पहिल्या बाकावर बसायचो, आणि म्हणूनच आजही त्यांना बाई म्हणतो. त्या मला सावा म्हणतात. रागावल्या की ‘प्राध्यापक द्रागानोव’ म्हणतात. गेली अकरा वर्षं मी बहुतेक प्राध्यापक द्रागानोवच आहे.

त्यांचं काम काय होतं? पाहुण्यांसाठी सांगतो, आणि खरं तर आपल्यातल्या काहींनाही ऐकून फार दिवस झाले असतील. आपण लोकांना प्रश्न विचारतो. लोक आपल्या शब्दांत उत्तरं देतात. शब्दांची बेरीज करता येत नाही, म्हणून प्रत्येक उत्तराला आपण एक आकडा लावतो. आकड्यांची यादी आधीच ठरलेली असते: एक म्हणजे महागाई, दोन म्हणजे भ्रष्टाचार, असं. तीन-चार जण वेगवेगळ्या खोल्यांत बसून तीच उत्तरं वाचतात, आपापले आकडे लावतात, आणि मग आकडे किती जुळले ते पाहतात. जुळले की काम विश्वासार्ह. शंभरात नव्वदच्या वर जुळले की परदेशातलं नियतकालिक लेख छापतं. ही पद्धत चांगली आहे. तिच्यात एकच बारीकशी अडचण आहे. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं जर एकाच डोक्यानं विचार करणारी असतील, तरीही आकडे जुळतात. उलट जास्तच जुळतात.

बाईंचे आकडे जुळत नसत.

शहाऐंशी साली मी इथे नव्हतो. ऐकलेली गोष्ट सांगतो. कामगारांच्या पाहणीत एका बाईनं उत्तर दिलं होतं, ‘दुकानात काही मिळत नाही.’ विभागात तेव्हा सगळे कॉम्रेड. सगळ्यांनी आकडा लावला, ‘तात्पुरत्या अडचणी’. वेलिकाबाईंनी यादीत नसलेला आकडा लावला आणि समासात लिहिलं, ‘दुकानात काही मिळत नाही’. त्यांना वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. ‘तू त्यांच्यातली आहेस का?’ असं विचारलं गेलं. बाई म्हणाल्या, ‘मी रांगेतली आहे.’

मग एकोणनव्वदचा नोव्हेंबर आला, कॉम्रेडांची राजवट पडली. आमच्या विभागात अंतर्बाह्य क्रांती झाली. शुक्रवारी सगळे एका मताचे होते, सोमवारी सगळे दुसऱ्या मताचे झाले. मधल्या दोन दिवसांत कुणी कुणाशी वाद घातल्याची नोंद नाही. शहाण्णव साली साखर कारखाना बंद पडला, तेव्हाच्या पाहणीत मी स्वतः होतो, नवा सहायक. एक कामगार म्हणाला होता, ‘झोप लागत नाही.’ आम्ही सगळ्यांनी लावलं, ‘बदलाशी जुळवून घेण्यात असमर्थ’. बाईंनी लिहिलं, ‘झोप लागत नाही’. विभागात कुजबुज सुरू झाली की ही बाई जुन्या राजवटीतली दिसते. दहा वर्षांपूर्वी जी भांडवलदारांची हस्तक ठरली होती, तीच बाई, तोच समास, तीच पेन्सिल.

आणि आता अलीकडे आपण सगळे युरोपवाले, उदारमतवादी, मोकळ्या मनाचे झालो आहोत. मीही आहे, उगाच कुणाचा गैरसमज नको. माझी मतं आजही तीच आहेत, आणि ती चांगली मतं आहेत असं मला वाटतं. दोन वेळा विभागाचं मत बदललं. एकमत मात्र कधी मोडलं नाही. आपण एकमेकांची री इतक्या सुरात ओढतो की ऐकणाऱ्याला वाटावं, एकच माणूस गातोय.

बाईंचं स्वतःचं मत काय? हा प्रश्न मी त्यांना एकदा, हिंमत करून, निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी विचारला होता. त्या म्हणाल्या, ‘गुप्त मतदान म्हणतात त्याला, सावा. शब्द ऐकला असशील.’

आता दोन हजार चौदा.

डॅन्यूबकाठच्या चाळीस खेड्यांत आपण पाहणी केली. ‘देशाची आजची परिस्थिती तुम्हाला कशी वाटते?’ अकराशे उत्तरं आली. नावं काढून टाकलेली, नुसते क्रमांक. चौघे जण आकडे लावायला बसलो: मी, बाई, देनित्सा, आणि आज इथे नसलेले एक सहकारी. देनित्सा तेव्हा आपली सर्वांत धाकटी सहायक होती. तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि मी काय बोलणार हे तिला ठाऊक आहे, कारण तिची परवानगी घेऊनच मी उभा राहिलो. यादीत तीस आकडे होते. सात नंबर होता, ‘जुन्या राजवटीची ओढ, लोकशाहीविषयी तिरस्कार’. त्या उन्हाळ्यात सात नंबर आमचा फार लाडका होता.

चौघांचे आकडे जुळवले तर शंभरात एकाहत्तर. देनित्सा बिचारी हिशेब घेऊन माझ्या खोलीत आली. म्हणाली, ‘सर, घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय. मिंचेवाबाईंना वगळलं तर सत्त्याण्णव होतात.’

मी विचारलं, ‘त्यांनी काय लावलंय?’

‘एकतीस.’

‘यादी तिसाला संपते ना?’

‘तेच तर! त्यांनी स्वतःच काढलाय. एकतीस म्हणजे म्हणे ‘कुणीच येत नाही’. दोनशे बारा उत्तरांना लावलाय.’

मी बाईंना बोलावलं. म्हणालो, ‘बाई, हे काय? यादीबाहेरचा आकडा चालत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.’

त्या म्हणाल्या, ‘मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं. हे वाच.’ आणि त्यांनी माझ्यापुढे दोनशे चौदा क्रमांकाचं उत्तर ठेवलं. ते मला पाठ आहे, म्हणून वाचत नाही, सांगतो: ‘पूर्वी बरं होतं. दिवसातून तीनदा बस यायची. मंगळवारी डॉक्टर यायचा. रविवारी मुलगा यायचा. आता मतं मागायला येतात तेवढेच.’

मी वाचलं, आणि म्हणालो, आणि हे माझे शब्द आहेत, मला कुणावर ढकलता येणार नाहीत: ‘बाई, ‘पूर्वी बरं होतं’, ही पहिलीच ओळ बघा. शंभर टक्के सात नंबर. ही असली म्हातारी माणसंच या देशाला मागे ओढतायत.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘तू गेलायस का त्या गावात?’

‘जायची गरज काय? उत्तर समोर आहे ना?’

‘उंटावरून शेळ्या हाकतोयस, प्राध्यापक द्रागानोव.’ आणि त्या गेल्या. मी मात्र लेखात तळटीप टाकली की चौथ्या व्यक्तीचे आकडे पद्धतीला धरून नसल्यामुळे वगळले आहेत. मी तेव्हा प्राध्यापक नव्हतो. त्या लेखामुळे झालो.

वगळल्यावर बाई आकडे लावणाऱ्यांत उरल्याच नव्हत्या, म्हणून पत्त्यांची वही त्यांना मागता आली. स्वतःच्या सुट्टीत, तिकीट स्वतःच्या खिशातून काढून, त्या दोनशे बारापैकी जितक्या घरी जाता येईल तितक्या घरी गेल्या. ऑक्टोबर संपता संपता एके दिवशी माझ्या टेबलावर एक बरणी आणून ठेवली. भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, घरची ल्युतेनित्सा. म्हणाल्या, ‘दोनशे चौदानं दिलीय. विभागात सगळ्यात बारीक जो असेल त्याला द्या म्हणाल्या.’ दुसरं काही बोलल्या नाहीत. बोलता येतच नव्हतं. उत्तर देणाऱ्याचं नाव आकडे लावणाऱ्याला सांगायचं नाही, हा नियम आहे, आणि तो नियम बाईंनी एक्केचाळीस वर्षांत मोडला नाही.

बरणीच्या तोंडावर हिरव्या कापडाचा तुकडा बांधलेला होता. हिरव्यावर लाल चेरी. तो आमच्या स्वयंपाकघरातला पडदा होता. काल्नोवो गावात, चर्चच्या मागच्या घरात, त्या पडद्याखाली बसून मी मुळाक्षरं शिकलो.

अधिष्ठाता महोदय, दहा मिनिटं झाली याची मला कल्पना आहे. बानित्सा गार झालेली मी खाईन.

तर, सुहृद हो, मी माझ्या आईला सात नंबर लावला होता. ‘रविवारी मुलगा यायचा’ हे वाक्य मी वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. कुणाचा बरं मुलगा, असा प्रश्नही मला पडला नाही. कारण पहिल्या ओळीतच मला माझा आकडा सापडला होता, आणि आकडा सापडला की पुढचं वाचायचं कशाला?

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी गेलो. आईनं पाहणीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. प्रश्न विचारायला आलेल्या मुलीनं तिला सांगितलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. त्या संपूर्ण प्रकल्पात गोपनीयतेचा नियम अक्षरशः पाळणाऱ्या दोनच व्यक्ती होत्या, एक वेलिका मिंचेवा आणि दुसरी माझी आई.

तुम्ही म्हणाल, चूक कळली, सुधारली, झालं. तसं झालं असतं तर मी आज नेहमीचंच भाषण केलं असतं.

दोन हजार सोळा साली बाईंनी सहयोगी प्राध्यापक पदासाठी आपलं पुस्तक सादर केलं. छोटंसं, एकशे चाळीस पानांचं. ज्या उत्तरांना आपल्याकडे आकडाच नव्हता, त्या उत्तरांचं पुस्तक. त्यात कुणाला नावं ठेवलेली नव्हती. माझ्या लेखाचा उल्लेख एकदाच होता, तोही आदरानं. पण वाचणाऱ्याला शेंबड्या पोराइतकी अक्कल असती तरी कळलं असतं की ते पुस्तक खरं असेल तर माझा लेख खरा नाही.

निवड समिती सात जणांची. मी त्यातला एक. चर्चेत कुणीतरी म्हणालं, पुस्तक वाईट नाही, पण आत्ताच्या दिवसांत असं काही छापणं म्हणजे त्या लोकांच्या हाती कोलीत देणं. ‘ते लोक’ म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी मान डोलावली. फार सोयीचं वाक्य होतं ते. माझी भीती त्यात देशहितासारखी दिसत होती. मग गुप्त मतदान झालं. पांढरी चिठ्ठी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. पांढऱ्या तीन, काळ्या चार.

त्या आठवड्यात समितीतले सातही जण एकेक करून बाईंना भेटले आणि हळहळले. ‘वेलिका, मी तर तुझ्याच बाजूनं मत दिलं होतं.’ बाईंनी हे मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, ‘सात जणांनी होकार दिला, सावा, आणि मला तीन मतं पडली. संख्याशास्त्रात असं होत नाही.’

सातांतला सातवा मी. मी फुलं घेऊन गेलो होतो. पाचवा मजला, लिफ्ट नाही. धापा टाकत वर पोचलो, फुलं दिली, म्हणालो, ‘बाई, फार वाईट झालं. माझं मत तुम्हालाच होतं.’ बाईंनी फुलं हातात घेतली आणि दारातच मोजली. आठ होती. सम फुलं आपण फक्त दफनाला नेतो, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. घाईत मी दुकानातून जी जुडी उचलली ती मोजलीच नव्हती. आणि दुकानदारीण म्हणाली, ‘देव त्यांना शांती देवो,’ त्याचाही अर्थ मला तेव्हा लागला नाही. बाईंनी एक फूल काढून माझ्या हातात परत दिलं. ‘हे तू ठेव,’ म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

बावीस सालच्या हिवाळ्यात माझी आई गेली. काल्नोवोला बस येत नाही. बाई शेजारच्या गावाहून चिखलातून चालत आल्या, सहा फुलं घेऊन, नीट मोजलेली. दफन झाल्यावर रीतीप्रमाणे उकडलेले गहू वाटले, तेव्हा त्या माझ्या शेजारी बसल्या आणि दोनशे चौदाबद्दल पहिल्यांदा बोलल्या. आता नियम उरला नव्हता. आई त्यांना म्हणाली होती, ‘माझा साव्चो तुमच्याच इथं शिकवतो. बारीक झालाय का हो? त्याला सांगू नका मी काय बोलले ते. त्याला वाटेल, आई कुरकुर करते. मी कुरकुर नव्हते करत. तुमच्या पोरीनं विचारलं, मी सांगितलं.’

मला त्या दिवशी रडू आलं नाही. आज सकाळी, हे लिहून काढताना आलं.

असो. आता निरोपाकडे वळतो.

बाई, सातांपैकी एक काळी चिठ्ठी माझी होती. बाकीच्या तीन कुणाच्या ते मला माहीत नाही, आणि कुणी आत्ता खाली बघायची गरज नाही. माझी माझी होती. तुमचं पुस्तक चांगलं होतं, हे मला मत देताना माहीत होतं. तुमची बढती मी खाल्ली. तुम्ही पाचव्या मजल्यावर राहता ते मुख्य सहायकाच्या पगारात, आणि मी राहतो ते तुमच्या मौनाच्या भांडवलावर. तुम्ही मौन पाळलंत ते नियम म्हणून. मी मात्र ती माझी सोय करून घेतली.

अधिष्ठाता महोदय, आपल्या हातात जे पाकीट आहे, ते मानपत्र समजून आपण मघापासून अदबीनं धरून बसला आहात. मानपत्र माझ्या टेबलावर आहे. पाकिटात एका पत्राची प्रत आहे. मूळ पत्र आज सकाळी टपालात पडलं. तो लेख मागे घ्यावा, असं मी नियतकालिकाला कळवलं आहे. देनित्सानंही सही केली आहे. माझं प्राध्यापकपद ज्या लेखावर उभं आहे तो नसला तर पद राहतं का, हे आपल्या समितीनं पाहावं. मतदान गुप्तच असेल. माझ्या घरी मात्र कृपया कुणी फुलं आणू नयेत.

दुसरं, आकड्यांची यादी. सोमवारपासून आपल्या विभागाच्या यादीत एकतीस नंबर असेल. तो लावला की काम संपत नाही, सुरू होतं. ज्यानं लावला त्यानं त्या घरी जाऊन यायचं. एकमत शंभरात एकाहत्तरवर येईल. लेख कमी छापले जातील. सोफियाच्या पाहुण्यांनी हे संघाला कळवावं, म्हणजे पुढच्या वर्षी आम्ही इतके मागे का, असं पत्र यायला नको.

ही फुलं, बाई. सात आहेत. दोनदा मोजली. दुकानदारिणीकडूनही मोजून घेतली.

काय म्हणालात? ... नाही, माइकवर या ना. ... बरं, तिथूनच सांगा, मी इथून सांगतो. बाई म्हणतात... त्या म्हणतात, ‘मेलेल्या माणसाला आणतात तशी फुलं घेऊन आलास, तेव्हा मारणाऱ्यांत तू होतास, एवढं गणित मला येत होतं.’

मग नऊ वर्षं बोलला का नाहीत, बाई?

... बाई म्हणतात, ‘वाट बघत होते. उत्तर देणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे नसतात.’

आता आवरतो. अध्यक्षांनी दहा मिनिटांची पंचवीस होऊ दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. पाहुण्यांचे आभार, देनित्साचे आभार, बानित्सा करणाऱ्या कार्यालयातल्या मंडळींचे आभार आणि त्यांची क्षमाही. बोलण्याच्या ओघात काही अधिक-उणं बोललो असेन तर पदरात घ्या. पण ज्या चुका मी मोजून सांगितल्या, त्या मात्र माफ करण्याची घाई कुणी करू नये. त्यांचा निकाल बाईंकडे आहे, आणि बाई यादीबाहेरचाही आकडा लावू शकतात.

बाई, एकच शेवटचं विचारतो. उद्यापासून तुम्ही काय करणार? त्या पाचव्या मजल्यावर कोण असतं तुमच्याकडे?

... बाई म्हणतात, ‘रविवारी मी घरीच असते.’

येतो, बाई.